पोंकाच्या दिवसांतला खोकला

हुरड्याला इकडे पोंक म्हणतात. थंडी पडू लागली की तापीच्या काठाने तंबू उभे राहतात, कोवळी ज्वारी निखाऱ्यावर भाजली जाते, आणि त्या हिरव्या दाण्यांवर लिंबू-मिऱ्याची शेव पडली की अख्खं सुरत खूश होतं. मी होत नाही. पोंक आला की मी माणसांच्या खोकल्याकडे कान लावून बसते.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. पांडेसऱ्यात. वर्गातली बहुतेक मुलं खानदेशातून, मराठवाड्यातून इथे कामाला आलेल्यांची. या दिवसांत फळ्यावर लिहिताना पाठीमागे कोणी खोकलं की माझा खडू थांबतो. घशातला आहे की छातीतला? परवा असंच एका मुलीला विचारलं, "घरी आजी-आजोबा कोण आहेत गं? त्यांना साखर आहे का?" ती म्हणाली, "बाई, साखर तर सगळ्यांच्याच घरी असते." वर्ग हसला. मीही हसले. पण संध्याकाळी तिच्या आईला थांबवून पुन्हा विचारलंच. त्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घरातलं काही चोरायला आले आहे.

ती नजर मला चांगली ओळखीची आहे. एका हिवाळ्यात आमच्या घरातला प्रत्येक माणूस दुसऱ्याकडे तसाच बघत होता.

नाना म्हणजे माझे वडील. तरुणपणी धरणगावाकडून आले आणि इथल्या एका डाइंग मिलमध्ये लागले. उभं आयुष्य वाफेत काढलं. लहानपणी आम्ही त्यांच्या नखांवरून ओळखायचो, आज मिलमध्ये कोणता रंग चालला होता ते. निवृत्त झाल्यावर ते ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागले आणि गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवू लागले. भाजीवाला तराजूला बोट लावतो का, मीटर बघायला आलेला माणूस खरंच मीटर बघायला आला आहे का, याचा हिशेब नानांकडे असे. कोणावरही सहज विश्वास ठेवायचा नाही हा त्यांचा स्वभावच. "परदेशात जगायचं तर डोळे उघडे पाहिजेत," म्हणायचे. सुरत त्यांना अजून परदेशच वाटतं.

करोनाच्या मोठ्या साथीत आमच्या गल्लीने फार पाहिलं. नानांना मात्र काही झालं नाही. साधी सर्दीसुद्धा नाही. त्याचा त्यांना अभिमान होता. "तो माले भ्यायना," असं ते अहिराणीत सांगत. तो मला भ्याला. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. माझा भाऊ संजू पर्वत पाटियाकडे साड्यांच्या दुकानात आहे, तो बाहेर गुजराती बोलतो, मी शाळेत मराठी बोलते, पण रागावलो किंवा घाबरलो की सगळे अहिराणीवर येतो. त्या हिवाळ्यात अहिराणीच फार बोललो.

साथीचा विसर पडू लागला होता तेव्हाची गोष्ट. उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत, नुकतीच झाली होती, विजेच्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते. सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, असे ते दिवस. संजूची लेक शाळेतून ताप घेऊन आली. मग माय पडली. मग संजू, मग त्याची बायको. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे, मी डबे पोचवत होते. फ्लू होता. एकेक जण अंग धरून पडला, दोन दिवस कण्हला आणि उठून बसला. सगळ्यांत शेवटी नाना पडले.

"माले काय व्हयेल नही. थंडी वाजी ऱ्हायनी फक्त," ते गोधडीतून म्हणाले. मला काही झालेलं नाही, नुसती थंडी वाजते आहे.

पण नाना उठेनात. एका सकाळी मी डबा घेऊन गेले तर ते भिंतीला टेकून बसले होते आणि एक वाक्य दोन तुकड्यांत बोलत होते. मधे श्वास. ओठांचा रंग मला आवडला नाही. संजूने रिक्षा आणली.

दवाखान्यात पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, सुगर छे तमने?"

नाना तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाले, "नाही."

"बीपी? दमा? किडनीचं काही?"

"काही नाही. करोनासुद्धा नाही."

त्या तरुण होत्या, सुरतीच, हिंदी-गुजराती मिसळून बोलायच्या. त्यांनी नानांच्या पायाकडे पाहिलं. अंगठ्याला एक जखम होती. मग त्या आमच्याकडे वळल्या आणि प्रश्नांमागून प्रश्न सुरू झाले. वजन उतरलंय का अलीकडे? पाणी फार पितात का? रात्री लघवीला किती वेळा उठतात? ही जखम कधीची? मला तो पोलिसांनी घेतलेला जबाब वाटला. आम्ही काहीतरी लपवतो आहोत असा त्यांचा संशय, आणि या आमच्याकडून काहीतरी वदवून घेऊन बिल वाढवणार असा संजूचा संशय. मी, माय आणि संजू, तिघंही "नाही, नाही" म्हणत गेलो. पण प्रत्येक "नाही"बरोबर माझ्या मनात काहीतरी हलत होतं. नानांची पँट मायने अलीकडेच आत घेतली होती. खुर्चीशेजारी तांब्या कायम भरलेला असायचा. आणि ती जखम गणपतीतली होती. ओट्याची पायरी लागली होती.

संध्याकाळी रक्ताची तपासणी आली. साखर भयंकर वाढलेली. रक्तदाबही होता. इन्सुलिन सुरू झालं.

संजू मोबाइलवर वाचून आला होता. त्याने मला जिन्यात गाठलं. "ताई, हे लोक स्टिरॉइड देतात. त्याने साखर वाढते. मग म्हणतात, तुम्हाला डायबिटीस आहे. धंदा आहे यांचा."

मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "वाढते, खरं आहे. म्हणून तर मी तीन महिन्यांची साखर तपासली. रक्त मागचं लक्षात ठेवतं. काका इथे आलेत काल. ही साखर कालची नाही, फार जुनी आहे." मग त्यांनी मलाच विचारलं, "ताप तुमच्या घरात सगळ्यांना आला ना? मग दवाखान्यात एकटे काकाच का आले?"

तो प्रश्न मी घरी घेऊन आले. सगळ्यांना आलेला ताप नानांनाच का पाडून गेला? ज्याच्या-त्याच्याकडे उत्तर तयार होतं. संजूच्या मते दवाखाना. समोरच्या काकूंच्या मते नानांनी उत्तरायणाला गच्चीवर थंड ऊस खाल्ला म्हणून. संजूच्या बायकोला वाटे की आजोबांनी नातीला जवळ घेतलं, आणि असं वाटल्यावर ती लेकीवरच खेकसायची. मायला वाटे, नानांची करोनाची फुशारकी कोणाला तरी खुपली. आणि मला मायचाच संशय येऊ लागला होता. कारण डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं तेव्हा तिने पदर तोंडाशी नेला होता.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती भाकरी थापत होती.

"माय, तुला माहीत होतं?"

तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "मोरीत मुंग्या लागायच्या. हे जाऊन आले की. मला वाटलं, गुळाचं पातेलं धुतलं असेल." भाकरी तव्यावर टाकली. "रोज कुठे गूळ असतो घरात?"

एवढंच ती बोलली. मी पुढे विचारलं नाही. विचारून काय करायचं? नवऱ्याला "चला, दाखवून येऊ" म्हटलं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते तिला लग्नापासून पाठ होतं.

नानांच्या शेजारच्या खाटेवर भगवानराव होते. परभणीकडचे, कडोदऱ्याला लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, कामाला. नानांपेक्षा बरेच तरुण. त्यांनाही तोच फ्लू. भेटीच्या वेळेला त्यांची बायको मंदाताई यायची, स्टीलच्या डब्यातून पेज आणायची आणि नानांनाही थोडी द्यायची. नाना आधी ती पेज हुंगायचे. मग प्यायचे.

नानांची दवाखान्यातली कामगिरी आम्हाला रोज ऐकावी लागे. कोणती सिस्टर किती वाजता आली, सुई नवी फोडली की जुनीच, सलाइनमध्ये काय टोचलं, शेजाऱ्याच्या बाटलीचा रंग आपल्या बाटलीसारखाच का आहे. श्वास पुरत नव्हता, पण पहारा चालू होता. डोळे मिटले की हे लोक काहीतरी करतील अशी त्यांची खात्री होती.

एका दुपारी भगवानराव गेले. आम्ही भेटीला पोचलो तेव्हा ती खाट रिकामी होती आणि नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या दिवशी त्यांनी काहीच सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. संजू मात्र खालच्या आवाजात म्हणाला, "बघ. तरुण माणूस होता."

नाना घरी आले. वाळलेले, काठी टेकत, पण आले. गल्लीतले लोक भेटायला जमले तर खुर्चीत बसून त्यांनी पहिलं वाक्य टाकलं, "एक दुखनं लई गऊ, तीन लई वनू." एक दुखणं घेऊन गेलो, तीन घेऊन आलो. ताप माझा होता, साखर आणि बीपी त्यांनी दिलं. लोकांनी माना हलवल्या. कोणाच्या मेव्हण्याचं असंच झालं होतं, कोणाच्या आत्याचं.

पुढचे दिवस आम्ही एकमेकांवर पाळत ठेवण्यात घालवले. नाना गोळी तोंडात टाकतात, पाणी पितात, आणि मग ओट्यावरून तुळशीच्या कुंडीत काहीतरी थुंकतात. माय त्यांच्या बोटांचा वास घेते, जिलेबीचा पाक लागलाय का. नाना भाजीत औषध मिसळलंय का म्हणून पहिला घास मांजरीला घालतात. मी तीन महिन्यांच्या साखरेचं समजावून सांगितलं तर म्हणाले, "रक्त बोलतं का? कोणी ऐकलंय?" आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मलाही दवाखान्याने फोडलं आहे.

होळीच्या आसपास मंदाताईचा फोन आला. नंबर तिने पेज देण्याच्या दिवसांत घेतला होता. तिच्या दिराचं म्हणणं, दवाखान्याविरुद्ध तक्रार करायची. कडोदऱ्यातला एक पुढारीही मदत करतो म्हणाला होता. त्या दुपारी कामावर असलेल्या सिस्टरचं नाव त्यांनी काढलं होतं. साक्षीदार पाहिजे होता.

"काका, तुम्ही शेजारी होतात. तुम्ही बघितलंय. तुम्ही बोललात तर लोक मानतील."

"येतो," नाना म्हणाले. फोन ठेवल्यावर काठीच्या आधाराशिवाय उठून उभे राहिले. संजूला आनंद झाला. "आता कळेल त्यांना." मला झोप लागेना. नानांच्या तोंडून काय निघेल ते मी रोज ऐकत होते, आणि ती सिस्टर मला आठवत होती. व्यारा बाजूची, सडपातळ, कायम घाईत असलेली मुलगी. नानांच्या एका शब्दाने तिचं काय होईल? आणि खरंच तिच्या हातून चूक झाली असेल तर? मलाही ठाऊक नव्हतं. तेव्हा कशाचीच खात्री वाटत नव्हती.

रविवारी मी नानांना घेऊन कडोदऱ्याला गेले. लूमच्या आवाजाने रस्त्याकडेची चहाची बशीसुद्धा थरथरत होती. मंदाताईची खोली एका खात्याच्या मागच्या चाळीत. दीर आणि दोन-तीन माणसं सतरंजीवर बसली होती. पाणी झालं, चहा झाला. नानांनी बिनसाखरेचा मागितला नाही, आला तसा घेतला. माझ्याकडे बघून घेतला.

मंदाताई समोर बसली. "काका, सांगा. कामून गेले हे? काय दिलं त्यांनी?"

नानांनी कपबशी खाली ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "मी संशयी माणूस आहे. हिला विचारा. मी तिथे डोळ्यांत तेल घालून पडलो होतो. त्यांनी काही चुकीचं केलं असतं तर मी तिथेच बोंब मारली असती."

दीर पुढे सरकला. "म्हणजे?"

"म्हणजे त्यांनी काही केलं नाही. ती सिस्टर जेवायला बसली होती. ह्यांचा श्वास अडकला तशी डबा उघडा टाकून धावली. छाती दाबत होती. डॉक्टर आले, तेही दाबत होते. सगळं झाल्यावर ती पोर नळापाशी जाऊन रडली. मी पाहिलं. मी सगळं पाहतच होतो ना."

दीर मोठ्याने म्हणाला, "काका, तुम्हाला कोणी भेटलं का दवाखान्यातून?"

नाना रागावले नाहीत. तो प्रश्न त्यांनी स्वतः आयुष्यभर लोकांना विचारला होता.

मंदाताईने हात वर करून दिराला थांबवलं. "पण काका, ह्यांना दमा होता ते खरं. पण पंप घेत होते ना रोज. रोज खिशात घालून जायचे. औषध चालू असताना असं कसं झालं?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि ते सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं आहे, हे मला त्या क्षणी कळलं. चालत्या लूमचा खडखडाट भिंतीतून येत होता.

"ते डॉक्टरांना म्हणाले होते," नाना सावकाश बोलले, "की दिवाळीपासून घेत नाही. दम लागत नव्हता म्हणून. कोणीतरी सांगितलं, पंपाची सवय लागते. ऑक्सिजन लावल्यावर म्हणाले. मला ऐकू आलं."

मंदाताई भिंतीकडे बघत होती. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आधी महिन्यात संपायचा. नवीन आणायचा म्हणून मी पैसे काढून ठेवायची. हा संपतच नव्हता." तिने डोळे पुसले नाहीत. "मला वाटलंच होतं. विचारलं नाही मी."

आणि मग तिने नानांना विचारलं, "मंग काका, मी राग कुणावर काढू आता?"

दिराने सतरंजीच्या दशांची गाठ सोडवायला घेतली आणि सोडवतच राहिला. आम्ही उठलो तेव्हा ती दारापर्यंत आली, आणि नाना तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

परतताना रिक्षा पर्वत पाटियाच्या चौकात अडकली. ट्रक, टेम्पो, साड्यांची बोचकी डोक्यावर घेतलेले हमाल, हॉर्नचा कल्लोळ. नाना बाहेर बघत होते. मला वाटलं, ते भगवानरावांचा विचार करत असतील. माझ्याकडे न वळता ते म्हणाले, "ही साखर मन्हीच शे."

ही साखर माझीच आहे.

मी त्यांचा हात धरला. हात गरम होता. ताप तर नाही ना, अशी शंका मला तेव्हाही आलीच.

संशय गेला असं मी म्हणणार नाही. आमच्या घरातून तो जाणार नाही, त्याने फक्त जागा बदलली. पूर्वी नाना सिस्टरच्या हाताकडे पाहायचे, आता स्वतःच्या पायाच्या बोटांकडे पाहतात, आरसा खाली धरून, तळव्याला कुठे काही लागलंय का ते. थंडी यायच्या आधी स्वतः जाऊन फ्लूची लस टोचून घेतात आणि बाटलीवरची तारीख वाचून घेतात. मोरीत मुंगी दिसली की माय मला फोन करते. कधी ती मुंगी खरंच गुळाची असते. तरी करते. आणि मी वर्गातल्या मुलांना साखरेचं विचारत राहते, आया माझ्याकडे रागाने बघत राहतात. बघू देत. वरून दिसतो तो ताप, खोकला. तो आठवड्याचा सोबती. आत कोण आधीपासून घर करून बसलं आहे हे विचारायला माणसं घाबरतात, आणि न विचारलेलं मग खाटेवर पडल्यावर कळतं.

मंदाताई आता त्याच खात्यात बॉबिन भरायचं काम करते. तक्रार झाली नाही. दीर आमच्याशी बोलत नाही. ती मात्र बोलते. थंडी पडली की तिचा फोन दर रविवारी येतो, आणि नाना तो स्पीकरवर लावतात, कारण त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं.

"काका, खोकला?"

"नाही."

"गोळी घेतली का?"

"घेतली."

पलीकडून लूमचा आवाज येत असतो.

"काका, खरं सांगा."

घरात दुसऱ्या कोणी असं विचारलं असतं तर नानांनी ओटा डोक्यावर घेतला असता. ते माझ्याकडे बघतात, मायकडे बघतात, उठतात, गोळी काढतात, पाण्याबरोबर गिळतात, आणि फोन तोंडाशी नेऊन म्हणतात, "हं. आता घेतली."